ओळखीचे अनोळखी शब्द : भिवंडीतील उर्दूभाषक मुलांचे मराठी वाचन

भिवंडीतील उर्दूभाषक घरातले मूल अक्षरओळखीसाठी जे पहिले पातळसे पुस्तक हाती घेते, त्याला ते ‘कायदा’ म्हणते. उर्दूत अंकलिपीवजा पुस्तकाचे हे रूढ नाव आहे. पुढे काही वर्षांनी मराठीच्या तासाला ‘कायदा सर्वांना समान असतो’ अशा धर्तीचे वाक्य त्याच्यासमोर येते, तेव्हा अंकलिपी सर्वांना समान असण्यात एवढे विशेष ते काय, असा प्रश्न त्याला पडला तर दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. त्याच्या घरी ‘दफ्तर’ म्हणजे वडिलांना चकरा माराव्या लागतात ती कचेरी. मराठी शाळेत ‘दप्तर’ पाठीवर असते. त्याची ‘तालीम’ मदरशात आणि शाळेत होते. मराठी मुलाची आखाड्यात किंवा नाटकाच्या आदल्या दिवशी. वृत्तपत्राच्या क्रीडापानावर मल्लाने ‘किताब’ पटकावला असे वाचून त्याला ग्रंथाच्या बक्षिसाची आठवण होणार, कारण त्याच्या भाषेतील ‘खिताब’ मराठीत येताना ‘किताब’ झाला आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

या उदाहरणांत गंमत आहे. परंतु केवळ गंमत म्हणून ती सोडून देता येत नाहीत. द्वितीय भाषेच्या अध्यापनाविषयी मराठीत जी चर्चा होते, तिच्या मुळाशी एक गृहीत असते. विद्यार्थी मराठीच्या वर्गात येतो तेव्हा त्याची शब्दांची पाटी कोरी असते आणि ती धड्यागणिक भरत न्यायची असते, असे हे गृहीत. भिवंडीतील उर्दूभाषक मुलाच्या बाबतीत ते साफ चुकीचे आहे. मराठीचा फार मोठा शब्दसाठा या मुलाच्या घरात आधीपासूनच नांदतो आहे. मात्र तो त्याला मराठीचा म्हणून ठाऊक नाही, आणि त्याला मराठी शिकविणाऱ्यांनाही तो त्याचा म्हणून ठाऊक नाही.

भिवंडीची भाषिक घडण येथे थोडक्यात ध्यानी घेतली पाहिजे. यंत्रमागाच्या या गावात उत्तर प्रदेशातून पिढ्यान्‌पिढ्या येत राहिलेल्या विणकर मोमीन कुटुंबांची उर्दू आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची तेलुगू आहे. भोवतालच्या खेड्यांतून आगरी बोली आहे. याखेरीज येथले जुने कोकणी मुसलमान आहेत. त्यांची घरची बोली मराठीचीच सख्खी बहीण, परंतु शिक्षणाची भाषा बहुधा उर्दू. अशा घरातील मुलाला शाळेत मराठी ‘द्वितीय भाषा’ म्हणून शिकविली जाते, तेव्हा आजीच्या तोंडून रोज ऐकलेली क्रियापदे परक्या भाषेतील म्हणून पाठ करण्याची पाळी त्याच्यावर येते. शाळेच्या नोंदवहीतील ‘मातृभाषा’ या रकान्याचा हा पराक्रम आहे.

शासनाच्या बाजूने मराठीची सोय नाही असे म्हणता येणार नाही. २०२० च्या अधिनियमाने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठीचे अध्यापन अनिवार्य झाले. १९६७ साली स्थापन झालेली ‘बालभारती’ मराठी, उर्दू, तेलुगू यांसह आठ भाषांत पाठ्यपुस्तके काढते आणि इतर माध्यमांच्या शाळांसाठी मराठीचे ‘सुलभभारती’ हे स्वतंत्र पुस्तक देते. तेव्हा प्रश्न पुस्तक असण्या-नसण्याचा नाही. प्रश्न असा आहे, की वर्षभरात एका पुस्तकाची काही पाने वाचून, त्यांखालचे शब्दार्थ पाठ करून आणि गाळलेल्या जागा भरून कोणाही मुलाला एखादी भाषा वाचता येते काय?

वाचनातून शब्द कसे येतात, यावर गेल्या चार-पाच दशकांत जगभर पुष्कळ संशोधन झाले आहे. नॅगी, हर्मन आणि अँडरसन यांनी १९८५ साली अमेरिकेतील शाळकरी मुलांसंबंधी जे दाखवून दिले, त्याचा मथितार्थ असा : सहज वाचताना भेटलेला अनोळखी शब्द पहिल्याच भेटीत आपलासा होण्याची शक्यता फार थोडी असते, पण ती शून्य नसते. अनेक भेटींनी हा थोडका लाभ साचत जातो. अर्थात वाचन पुरेसे विपुल असेल तरच. मातृभाषेत वाचणाऱ्या मुलांची जर ही कथा, तर वर्षाकाठी एका पुस्तकावर भागविणाऱ्या द्वितीय भाषेच्या विद्यार्थ्याला एकेक शब्द किती वेळा भेटणार? पाठातला ‘शेजार’ पुढच्या पाठात पुन्हा येतोच असे नाही. तो येईपर्यंत दिवाळीची सुट्टी होऊन गेलेली असते. शब्दार्थाच्या वहीत मात्र तो कायमचा कोंडलेला राहतो.

याउलट फिजी बेटांतील अनुभव आहे. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी तेथील ग्रामीण प्राथमिक शाळांत चौथी-पाचवीच्या मुलांसाठी इंग्रजीतील सुमारे २५० सचित्र गोष्टींची पुस्तके ठेविली. इंग्रजी ही त्या मुलांची घरची भाषा नव्हती. शिक्षकांचे काम एवढेच, की पुस्तके वाचून दाखवावीत किंवा मुलांना वाचू द्यावीत. आठ महिन्यांनी पाहिले तेव्हा या मुलांची वाचनातील प्रगती नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट भरली. १९८३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वाचनाच्या कैवाऱ्यांनी तेव्हापासून तो इतक्या वेळा उद्धृत केला आहे, की ‘पुस्तके द्या, शब्द आपोआप येतील’ असे त्याचे सुभाषितच होऊन बसले. ते अर्धेच खरे आहे. पुस्तक हाती आले तरी पानावरचे शब्द मुलाला मुळीच ओळखीचे नसतील, तर ते पान त्याच्याशी बोलत नाही. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार कोणाच्या मदतीवाचून मजकूर नीट समजायचा तर त्यातील शंभरांपैकी सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द वाचकाला माहीत असावे लागतात. शंभरांत दोनच अनोळखी! हा आकडा ऐकून उर्दू शाळेतील मराठीचा शिक्षक खिन्नपणे हसेल. त्याच्या वर्गातील मुलापुढे एका ओळीत चार-चार अनोळखी शब्द उभे असतात.

पण ते शब्द खरोखरच अनोळखी असावयास हवेत काय? एकाच आशयाची दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. ‘उद्योजकाने श्रमिकांची उपस्थिती नोंदवून वेतनाची परिगणना केली व शेष राशी शीघ्र प्रदान करण्यास संमती दर्शविली.’ आणि ‘मालकाने कारागिरांची हजेरी घेतली, मजुरीचा हिशेब केला आणि उरलेली रक्कम लवकर देण्याचे कबूल केले.’ दुसऱ्या वाक्यातील मालक, कारागीर, हजेरी, मजुरी, हिशेब, रक्कम, कबूल हे सातही शब्द यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या मुलाने पाळण्यात ऐकले आहेत. त्याला नवे शिकावयाचे उरते ते ‘घेतली’, ‘उरलेली’, ‘देण्याचे’ आणि ‘आणि’. म्हणजे ज्यांनी मराठी ही मराठी होते तो तिचा व्याकरणाचा सांगाडा. पहिले वाक्य मुद्दाम कृत्रिम केले आहे, असा आक्षेप कोणी घेईल. थोडेसे केले आहे खरे. परंतु शासकीय परिपत्रके आणि अनेक पाठांखालचे स्वाध्याय चाळले तर ही कृत्रिमता फार दूरची नाही हे दिसून येईल.

कोणते मराठी ‘सोपे’ मानावयाचे, हा प्रश्न येथे उपस्थित होतो आणि तो थेट मराठी विभागांच्या दाराशी येऊन थांबतो. पाठ्यपुस्तकाच्या मराठीत संस्कृत शब्द तो प्रौढ, आणि फार्सी-अरबी शब्द तो बोलीतला किंवा कचेरीतला, अशी एक अलिखित प्रतवारी आहे. तिला इतिहास आहे. शिवकाळात सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’पासून विसाव्या शतकातील सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीपर्यंत तो पसरलेला आहे. माधव जूलियन यांचे उदाहरण या संदर्भात विलक्षण बोलके आहे. ज्यांनी १९२५ साली ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध केला आणि मराठीत गझल रुजविली, त्यांनीच पुढे १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. मराठीतील फार्सीचा वाटा किती खोल आहे हे ज्याला सर्वांत चांगले ठाऊक होते, त्यानेच तो कमी करण्याचा पक्ष घ्यावा, यातले कोडे उलगडण्याचे हे स्थळ नव्हे. ‘तारीख’च्या जागी ‘दिनांक’ आला, तो रुळला, आणि आज दोन्ही शब्द मराठीचेच आहेत. त्या वादाचा निवाडा पुन्हा करण्याचे कारण नाही. मात्र त्याचा एक परिणाम कोणी मोजलेला नाही. पाठ्यपुस्तकातून ‘हजर’ जाऊन ‘उपस्थित’ येतो, ‘अर्ज’ जाऊन ‘आवेदन’ येते, तेव्हा मराठीभाषक मुलाचे फारसे बिघडत नाही. त्याला दोन्ही शब्द कधी ना कधी भेटतात. भिवंडीच्या मुलाच्या हातून मात्र दाराची कडी सुटते.

तेव्हा उर्दूभाषक मुलाला फार्सी-अरबी मुळाचे मराठी शब्द द्यावेत की काम झाले, असे म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही. अडचणी आहेत, आणि शब्दार्थाच्या याद्यांना त्या दिसतच नाहीत.

पहिली अडचण रूपाची. शब्द मराठीत येताना पोशाख बदलून आले आहेत. ‘कागज’चा कागद, ‘सियाही’ची शाई, ‘कुर्सी’ची खुर्ची, ‘सिफारिश’ची शिफारस, ‘जिला’चा जिल्हा झाला. छापील अक्षरांत हे शब्द परके वाटतात. कोणी मोठ्याने वाचले तर कान त्यांना चटकन ओळखतो. डोळ्याआधी कानाला ओळख पटते, म्हणून अशा वर्गात प्रकट वाचनाचे मोल मूक वाचनापेक्षा अधिक आहे. एली यांनीच १९८९ साली न्यूझीलंडमधील मुलांवर केलेल्या प्रयोगात, नुसती गोष्ट वाचून दाखविली तेव्हा नव्या शब्दांच्या ज्ञानात सुमारे १५ टक्के भर पडली. वाचता वाचता त्या शब्दांचा अर्थही ओझरता सांगितला तेव्हा ती ४० टक्क्यांपर्यंत गेली. ती मुले स्वतःच्याच भाषेत ऐकत होती, हे खरे. पण वाचून दाखविणाऱ्या शिक्षकाचे स्थान त्यावरून कळते. आपल्याकडे प्रकट वाचन हा विद्यार्थ्याच्या उच्चाराची परीक्षा घेण्याचा प्रसंग समजला जातो. त्यात ‘ळ’ आणि ‘ण’ चुकला की हशा होतो, आणि मुलाचे तोंड वर्षभरासाठी मिटते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे, आणि मराठीच्या अभ्यासकांनी तिच्याकडे खरोखर लक्ष द्यावयास हवे. ती सामान्यरूपाची. शब्दार्थाच्या यादीत ‘किंमत’ असते. पाठात ‘किमतीला’ येते. यादीत ‘हुकूम’ असतो, पाठात ‘हुकमाने’. जमीन, पण जमिनीवर. दरवाजा, पण दरवाज्यापाशी. उर्दूत ‘जमीन पर’, ‘कीमत में’ असे म्हणताना नाम जसेच्या तसे उभे असते आणि परसर्ग त्याच्या शेजारी अंतर राखून येतो. मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो, दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो किंवा लोपतो, आणि ओळखीचा शब्द जणू बुरख्याआड जातो. ज्या मुलाला ‘हुकूम’ जन्मापासून ठाऊक आहे, ते ‘हुकमाने’पाशी अडखळते. शिक्षक त्याच्या वहीत ‘हुकूम म्हणजे आज्ञा’ असे लिहून देतो. म्हणजे जे त्याला येत होते तेच, आणि तेही त्याला न येणाऱ्या शब्दाने, त्याला शिकवितो! अडले होते ते रूपापाशी. उपचार झाला अर्थावर. रूपांची ही ओळख नियम सांगून होत नाही. हुकमाने, हुकमाचा, हुकमावरून असा तोच शब्द निरनिराळ्या वाक्यांत वारंवार नजरेखालून गेला, तरच होते. विपुल वाचनाचा या मुलांना सर्वांत मोठा लाभ नवे शब्द मिळण्यात नाही, तो जुने शब्द नव्या रूपांत ओळखू येण्यात आहे. भाषाशिक्षणाच्या इंग्रजी ग्रंथांत या गोष्टीला फारसे स्थान मिळालेले नाही, कारण इंग्रजीत नामाची रूपे बदलतातच थोडी. मराठीसाठी हा विचार मराठीच्याच अभ्यासकांना करावा लागेल.

आणि तिसरी अडचण प्रारंभी आलेल्या ‘कायदा’ची. देवनागरी या मुलांना हिंदीमुळे अवगत असते, त्यामुळे मराठीचे पान त्यांना अक्षरशः वाचता येते, आणि हीच पंचाईत होते. ‘शिक्षा’ वाचून त्यांना शिक्षण आठवते, ‘खाली’ वाचून रिकामे, ‘राग’ वाचून गाणे. वाचन अडत नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही. पूर्ण अनोळखी शब्दापाशी मूल थांबते व विचारते. अर्धवट ओळखीच्या शब्दावरून ते आत्मविश्वासाने पुढे जाते. अशा शब्दांच्या बाबतीत वाचनातून आपोआप शिकण्यावर विसंबणे धोक्याचे आहे. तेथे शिक्षकाने एकदा स्पष्ट सांगून टाकावे, आणि मग वाचनाने ते पक्के करावे.

मराठीने स्वतःच या कामी एक साधन सिद्ध करून ठेविले आहे, त्याकडे मात्र कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट, मानमरातब, रीतिरिवाज या जोडशब्दांत एक पद संस्कृत वळणाचे आणि दुसरे फार्सी-अरबी वळणाचे आहे. दोहोंचा अर्थ जवळजवळ एकच. व्याकरणाची पुस्तके त्यांना सामासिक शब्द म्हणून विग्रहापुरते वापरतात. वस्तुतः दोन भाषांच्या सरहद्दीवर राहणाऱ्या समाजाने एकमेकांसाठी करून ठेविलेले हे चालतेबोलते कोश आहेत. ‘धनदौलत’ वाचणाऱ्या भिवंडीच्या मुलाचा एक पाय ओळखीच्या जमिनीवर असतो, आणि दुसरा शब्द तो त्या आधाराने उचलतो. शेजारच्या बाकावरील पद्मशाली मुलगा नेमका उलट बाजूने येतो. तेलुगूमुळे त्याला ‘धन’ ठाऊक आहे, ‘दौलत’ शिकावयाची आहे. ‘वेतन’ आणि ‘पुस्तक’ हे शब्द त्याच्या घरचेच आहेत, म्हणून वरील दोन वाक्यांपैकी पहिलेच त्याला कदाचित अधिक सोपे वाटेल. एका गावात, एका वर्गात सोप्या मराठीच्या दोन परस्परविरुद्ध व्याख्या संभवतात. इतर माध्यमांच्या सर्व मुलांसाठी मिळून एकच ‘सुलभ’ पुस्तक काढण्याच्या कल्पनेलाच यामुळे तडा जातो.

उर्दूभाषक मुलांसाठी फार्सीप्रचुर मराठी लिहिले तर त्यांची मराठी वेगळी पडेल, अशी शंका काहीजण घेतील. तिच्यात तथ्य फार थोडे आहे. बखरी, पोवाडे आणि पेशवे दप्तरातील पत्रे ज्या भाषेत आहेत तिला वेगळी मराठी म्हणावयाचे धाडस कोणी करणार नाही. शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ ज्या परंपरेत आहे, १९९० साली सोलापुरास पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन ज्या परंपरेच्या जाणिवेने भरले, ती परंपरा मराठीच्या दालनाबाहेरची नाही. शिवाय येथे सुचविले आहे ते मराठीत शिरण्याचे दार, मुक्कामाचे ठिकाण नव्हे. ‘हजेरी’वरून ‘उपस्थिती’कडे जाणे अवश्य आहेच, फक्त ‘उपस्थिती’पासून प्रारंभ करून ‘हजेरी’कडे कधीच न येण्याचा आजचा क्रम उलटा आहे.

वाचनासाठी पुस्तके कोठून आणावयाची, हा व्यवहाराचा प्रश्न वाटतो तितका बिकट नाही. ‘बालभारती’चे १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर एकच गोष्ट मराठीत आणि उर्दूत वाचावयास मिळते. त्याहूनही जवळचे साधन मुलाच्या पिशवीतच आहे. इतिहासाचे किंवा परिसर अभ्यासाचे जे पुस्तक ते उर्दूतून शिकते, तेच पुस्तक ‘बालभारती’ मराठीतही काढते. बहुतांशी तीच प्रकरणे, तीच चित्रे. आशय आधीच कळलेला असल्याने मराठी पुस्तकातील अनोळखी शब्दांचा अर्थ लावण्यास चित्र, क्रम आणि आठवण यांचे साहाय्य होते. यासाठी शासनाला वेगळा खर्च नाही, समिती नाही. आठवड्यातील एक तास मराठीच्या शिक्षकाने परीक्षेच्या धास्तीतून मोकळा करावा, एवढेच. पण तेवढे करणेही शाळेत सोपे नसते, हे ज्यांनी तेथे काम केले आहे त्यांना सांगावयास नको.

या मुलांपैकी पुष्कळजण शालान्त परीक्षेत मराठी उत्तीर्ण होतात. त्यानंतर मराठी त्यांना भेटते ती महानगरपालिकेच्या सूचनेत, घरपट्टीच्या बिलात, न्यायालयाच्या कागदात. विकास आराखड्यावर ‘हरकती व सूचना’ मागविल्याची नोटीस भिंतीवर लागते. तीत ‘मुदत’ त्यांना कळते, ‘मालमत्ता’ कळते, ‘हरकत’ मात्र त्यांच्या भाषेत हालचाल किंवा चाळा. ज्या शब्दाने त्यांना आक्षेप नोंदविण्याचा अधिकार दिला आहे, तोच शब्द त्यांना चकवितो. मुदत संपते.

मराठी विभागांना हा विषय आपला वाटत नाही; तो बी.एड.च्या महाविद्यालयांचा, असे समजले जाते. परंतु कोणता शब्द मराठीत केव्हा आला, कोणत्या अर्थाने आला आणि कोठे वळला, हे बी.एड.च्या महाविद्यालयाने सांगावयाचे नाही. मोल्सवर्थने १८५७ च्या आवृत्तीत फार्सी-अरबी शब्दांपुढे त्यांच्या मुळाची खूण करून ठेविली आहे. ते शब्द वेगळे काढावेत. त्यांतील आजच्या व्यवहारात जिवंत असलेले निवडावेत. अर्थ तोच राहिलेले, अर्थ बदललेले आणि रूप बदललेले असे त्यांचे गट पाडावेत. आणि पाचवी ते आठवीच्या ‘सुलभभारती’त त्यांपैकी किती येतात व किती वेळा येतात हे मोजावे. एम.ए.च्या प्रकल्पासाठी हे एका सत्राचे काम आहे. त्यासाठी देवनागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्या सहज वाचणारा विद्यार्थी हवा. भिवंडीच्या महाविद्यालयांत असे विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांतील मराठी हा विषय घेणारे किती, हे प्रवेशाच्या यादीत पाहता येईल.